चक्री एंजिनातील ठिणगीची जागा : प्लग-बदलाच्या एका घरगुती कृतीचा इतिहास

यंत्रांच्या इतिहासात शोधकाचे नाव, पेटंटाचे वर्ष आणि कारखान्याचे यशापयश ह्या तीन गोष्टींना जे महत्त्व मिळते, ते यंत्र वापरणाऱ्याच्या हाताला सहसा मिळत नाही. कारखान्यातून बाहेर पडलेले यंत्र पुढे दहा-वीस वर्षे कोणाच्या तरी अंगणात, कोणाच्या तरी पान्याने उघडले व मिटले जात असते. परंतु ही उघडमीट ‘दुरुस्ती’ ह्या सदरात टाकून इतिहासकार पुढे जातो. वान्केल पद्धतीचे चक्री एंजिन हे ह्या उपेक्षेचे परिणाम तपासण्यास विशेष सोयीचे उदाहरण आहे. ह्या एंजिनाच्या मोटारीचे स्पार्क प्लग मालकाने घरच्या घरी बदलणे ही वरवर पाहता क्षुल्लक कृती आहे. परंतु बाजारात आलेल्या चक्री एंजिनाला जे रूप मिळाले ते मिळण्याच्या कारणांपैकी एक कारण हेच होते, की त्याचा प्लग बाहेरून हाताशी यावा. प्रस्तुत निबंधात हे विधान तपासून पाहावयाचे आहे.

१. मेणबत्ती आणि बूच

प्रारंभ नावापासून करणे इष्ट आहे. एत्येन लेन्वार ह्याने १८६० साली फ्रान्समध्ये आपले वायू-एंजिन सिद्ध केले, तेव्हा त्यातील मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविण्याची योजना होती. पुढे १९०२ साली श्टुटगार्ट येथील रोबेर्ट बॉश ह्याच्या कार्यशाळेत गोट्टलोब होनोल्ट ह्याने उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो व त्याला जोडलेला प्लग अशी जोडी तयार केली, आणि वेगवान पेट्रोल एंजिनाच्या मार्गातील एक मोठी अडचण दूर झाली. चक्री एंजिनाचा जनक फेलिक्स वान्केल ह्याचा जन्मही त्याच वर्षीचा, हा केवळ योगायोग होय.

ह्या छोट्या वस्तूला युरोपातील भाषांनी दोन वेगळ्या दृष्टींनी नावे दिली. फ्रेंच भाषेत ती ‘बूजी’ म्हणजे मेणबत्ती आहे. अल्जीरियातील ज्या बंदरातून मेणाचा व्यापार चाले त्या बूजी नगराचे नाव प्रथम मेणबत्तीला व मग मेणबत्तीवरून ह्या भागाला मिळाले. जर्मन ‘त्स्युंडकेर्त्से’ म्हणजे पेटविणारी मेणबत्ती. इटालियन ‘कान्देला’ व रशियन ‘स्वेचा’ ह्यांचाही अर्थ तोच. इंग्रजीने मात्र ज्योतीकडे न पाहता छिद्राकडे पाहिले व ‘प्लग’ म्हणजे बूच हा शब्द योजिला. जपानी व मराठी ह्या दोन्ही भाषांनी इंग्रजी शब्दच उसना घेतला. मराठीत तर भिंतीवरील विजेच्या जोडणीलाही ‘प्लग’च म्हणतात, त्यामुळे बुचाचा मूळ अर्थ लोपून केवळ विजेचा संबंध तेवढा शिल्लक राहिला आहे.

हा भेद शब्दकोशापुरता नाही. प्लगला खरोखरच दोन कामे असतात : आत ज्योत लावणे आणि ज्या छिद्रातून तो आत गेला ते छिद्र बंद ठेवणे. दट्ट्याच्या एंजिनात दुसऱ्या कामाचा फारसा विचार करावा लागत नाही. चक्री एंजिनात मात्र छिद्राचा आकार हा ज्योतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न होऊन बसला. तो का, हे पुढे स्पष्ट होईल.

२. दोन आराखडे आणि एक निर्णय

वान्केल हा विद्यापीठाची पदवी नसलेला संशोधक होता. चक्री यंत्राविषयीचे त्याचे पहिले पेटंट १९२९ चे. १९५१ साली नेकारसुल्म येथील एन्‌एस्‌यू ह्या मोटारसायकलींच्या कारखान्याशी त्याचा करार झाला आणि तेथे १ फेब्रुवारी १९५७ रोजी ‘डीकेएम ५४’ हे पहिले एंजिन चालले. डीकेएम हे ज्या जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप आहे त्याचा अर्थ ‘फिरत्या दट्ट्याचे यंत्र’ असा होतो. त्या यंत्रात आतील त्रिकोणी रोटर व त्याच्या भोवतीचे कवच असे दोन्ही भाग आपापल्या स्थिर केंद्रांभोवती फिरत. कोणताही भाग विकेंद्री गतीने हेलकावत नसल्यामुळे त्याचा समतोल उत्कृष्ट होता व ते अतिशय वेगाने फिरू शके. शुद्ध गतिशास्त्राच्या कसोटीवर वान्केलला हेच रूप प्रिय होते.

परंतु ह्या रूपात कवचच फिरत असल्याने प्लग आतल्या रोटरमध्ये बसवावे लागले. त्यांच्यापर्यंत वीज पोचवायची तर ती फिरत्या भागातून न्यावी लागे. आणि प्लग बदलावयाचा झाल्यास एंजिन सुटे करण्यावाचून गत्यंतर नसे. ज्या काळात सामान्य मोटारीचे प्लग काही हजार मैलांवर साफ करावे वा बदलावे लागत, त्या काळात अशी अट असलेले एंजिन प्रयोगशाळेत कितीही सुरळीत चालले तरी रस्त्यावर टिकणे शक्य नव्हते.

एन्‌एस्‌यूमधील हान्स डीटर पाश्के ह्याने ह्या आराखड्याची उलटापालट केली. कवच स्थिर ठेवावयाचे, आणि रोटरने स्वतःभोवती फिरत फिरतच विकेंद्री दंडाभोवती परिक्रमा करावयाची, अशी ही योजना. वाल्टर फ्रोएडे ह्याच्या नेतृत्वाखालील विभागाने हे रूप पुढे नेले व १९५८ साली ते चालू झाले. त्याला ‘केकेएम’, म्हणजे वर्तुळमार्गी दट्ट्याचे एंजिन, असे नाव मिळाले. समतोलासाठी त्यात प्रतिभार जोडावे लागले आणि परम वेगही कमी झाला. आपल्या शर्यतीच्या घोड्याची नांगराची घोडी केली, अशी तक्रार वान्केलने केल्याचे प्रसिद्ध आहे. तथापि स्थिर कवचामुळे इंधनमिश्रणाचा मार्ग, धुराचा मार्ग, थंड पाण्याचा मार्ग आणि प्लगची जागा हे सर्व बाहेरून गाठता येऊ लागले. पुढे विकल्या गेलेल्या वान्केल मोटारी ह्याच दुसऱ्या रूपाच्या वंशातील आहेत.

ह्या निर्णयामागे केवळ प्लगचाच विचार होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. बांधणीचा साधेपणा व थंडाव्याची सोय हीही कारणे होतीच. परंतु ह्या सर्व कारणांचे मूळ एकच आहे : यंत्राच्या ज्या भागाला वारंवार काही पुरवावे, काढावे वा बदलावे लागते, तो भाग स्थिर व बाहेरून गाठता येण्याजोगा असला पाहिजे. गतिशास्त्रदृष्ट्या सरस आराखडा मागे पडला आणि हाताशी येणारा आराखडा पुढे गेला.

३. एक, दोन की तीन ?

केकेएम एंजिनातील कवचाचा आतील आकार कमरेशी किंचित दबलेल्या लंबगोलासारखा असतो. त्रिकोणी रोटरची तिन्ही टोके त्या भिंतीला सतत लागून फिरतात, व टोकांवर बसविलेल्या पट्ट्या, ज्यांना कारागीर ‘ॲपेक्स सील’ म्हणतात, एका कक्षातील वायू दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. रोटरचा एक फेरा पुरा होईपर्यंत मुख्य दंडाचे तीन फेरे होतात. रोटरच्या तिन्ही बाजूंवर एकेक ज्वलन होत असल्याने दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ज्वलन पडते. दंड मिनिटाला ६,००० फेरे करीत असेल तर त्या कक्षाचा प्लग मिनिटाला ६,००० वेळा ठिणगी देतो. नेहमीच्या चार-धावी एंजिनात एका सिलिंडरच्या ज्वलनाला त्याच वेगाने ३,००० ठिणग्या पुरतात. शिवाय दट्ट्याच्या एंजिनात प्रत्येक वेळी आत येणारे थंड मिश्रण प्लगला थोडा गारवा देते. चक्री एंजिनात शोषण एका जागी व ज्वलन दुसऱ्या जागी होते, म्हणून प्लगच्या वाट्याला हा गारवा कधीच येत नाही. भरीस भर म्हणजे टोकांच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून थोडे तेल आत सोडावे लागते व ते इंधनाबरोबरच जळते. महाराष्ट्रात ज्यांनी आकुर्डीच्या कारखान्यातील जुनी दोन-धावी स्कूटर वापरली आहे, त्यांना तेलमिश्रित पेट्रोलाने प्लगवर धरणारी काजळी आणि डिकीतील प्लग-पाना ह्यांचे नाते सांगावयास नको. तेथेही दंडाच्या दर फेऱ्याला एक ठिणगी पडत असे.

मुख्य अडचण मात्र ज्वलनकक्षाच्या आकाराची होती. ठिणगीच्या क्षणी हा कक्ष लांबट, चपटा आणि कमरेच्या फुगवट्याने जवळजवळ दुभंगलेला असतो. आतील वायू रोटरबरोबर पुढे सरकत असल्याने ज्वाला गतीच्या दिशेने झपाट्याने पसरते. उलट दिशेने ती महत्प्रयासाने जाते, आणि मागच्या टोकाशी काही मिश्रण न जळताच राहते. ह्यास्तव कमरेच्या पुढे एक व मागे एक असे दोन प्लग बसविण्याची पद्धत आली. गतीच्या दिशेने पुढचा तो ‘लीडिंग’ व मागचा तो ‘ट्रेलिंग’.

येथे बुचाचा प्रश्न उभा राहतो. भिंतीवरून टोकाची पट्टी घासत जात असल्याने प्लगचे तोंड कक्षात डोकावू शकत नाही. ते भिंतीच्या मागे, एका छिद्राच्या तळाशी ठेवावे लागते. पट्टी त्या छिद्रावरून जात असता क्षणभर दोन शेजारच्या कक्षांमध्ये वाट उघडी पडते. मागच्या प्लगच्या जागी ही वेळ दोन्ही कक्षांतील दाबात मोठा फरक असतानाच येते. म्हणून तेथील छिद्र अगदी बारीक ठेवतात. पुढच्या प्लगचे छिद्र त्या मानाने मोठे ठेवता येते. ज्योतीच्या दृष्टीने छिद्र जितके मोठे तितके बरे, आणि बुचाच्या दृष्टीने जितके लहान तितके बरे, असा हा विरोध आहे. फ्रेंच शब्द व इंग्रजी शब्द एकाच छिद्रात एकमेकांशी भांडत आहेत असे म्हटले तरी चालेल.

ह्या प्रश्नाला वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरे मिळाली. एन्‌एस्‌यूची ‘रो ८०’ ही मोटार १९६७ ते १९७७ पर्यंत निघाली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक रोटरला दोन प्लग होते. पुढे अधिक जोरदार इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आल्यावर एकावर भागविण्यात आले. जपानमध्ये दोन ही संख्या कायम झाली. आणि १९९१ साली ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दा ‘७८७बी’ ह्या गाडीच्या चार रोटरांच्या एंजिनात प्रत्येक रोटरला तीन, म्हणजे एकूण बारा प्लग होते.

४. हिरोशिमा आणि दोन अक्षरे

हिरोशिमाच्या तोयो कोग्यो ह्या कंपनीचे अध्यक्ष मात्सुदा त्सुनेजी ह्यांनी १९६० साली एन्‌एस्‌यूशी करार केला. १९६३ मध्ये यामामोतो केनइची ह्यांच्याकडे चक्री एंजिनाचा स्वतंत्र संशोधन विभाग सोपविण्यात आला. कवचाच्या भिंतीवर टोकाच्या पट्ट्यांनी उमटणारे लाटांसारखे ओरखडे, ज्यांना तेथे ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत, ही त्यांची पहिली लढाई होती. ३० मे १९६७ रोजी ‘कॉस्मो स्पोर्ट’ विक्रीस आली. तिच्यात ४९१ घनसेंटिमीटरचे दोन कक्ष होते व चार प्लग होते. त्यानंतर १९७८ ते २००२ पर्यंत ‘आरएक्स-७’ आणि २००३ ते २०१२ पर्यंत ‘आरएक्स-८’ ह्या मोटारींनी ही परंपरा चालविली. कंपनीचे नाव १९८४ साली माझ्दा असे झाले होते.

मालकाच्या दृष्टीने ह्या काळातील महत्त्वाची घटना म्हणजे चिन्हव्यवस्थेची स्थिरता. चार प्लगपैकी खालचे दोन ‘एल’ व वरचे दोन ‘टी’. पुढचा रोटर १ व मागचा २. एल१, एल२, टी१, टी२ एवढ्या चार नावांत सर्व व्यवस्था मावते. प्लगच्या उत्पादकानेही ह्याच अक्षरांचा आधार घेतला. आरएक्स-८ साठीच्या एन्‌जीके कंपनीच्या प्लगांच्या क्रमांकांत, उदाहरणार्थ ‘आरई७सी-एल’ व ‘आरई९बी-टी’ ह्यांत, शेवटचे अक्षर जागा सांगते. त्यापूर्वीच्या आरएक्स-७ च्या ‘बीयूआर७ईक्यू’ व ‘बीयूआर९ईक्यू’ ह्या क्रमांकांत जागेचे अक्षर नव्हते. तेथे सात हा आकडा लीडिंगचा व नऊ हा ट्रेलिंगचा, हे वापरणाऱ्याला ठाऊक असावे लागे. वस्तुतः हा आकडा जागेचा नसून उष्णताक्रमाचा आहे. एन्‌जीकेच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा. चॅम्पियन कंपनीच्या पद्धतीत हाच क्रम उलट आहे. एका कंपनीच्या आकड्यावरून दुसऱ्या कंपनीचा प्लग निवडणारा मालक त्यामुळे नेमका चुकीचा प्लग आणतो. चिन्ह व अर्थ ह्यांचा संबंध संकेताने ठरतो, ह्या सिद्धांताचे इतके खर्चिक उदाहरण भाषाशास्त्राच्या ग्रंथांत आढळत नाही.

५. कृतीचे स्वरूप

आरएक्स-८ मध्ये प्लग एंजिनाच्या डाव्या अंगाला, खालच्या बाजूस आहेत. बॉनेट उघडून वरून पाहणाऱ्याला ते सहजी हाताशी येत नाहीत. म्हणून ही कृती वरून नव्हे तर बाजूने करण्याची रीत मालकवर्गात रूढ झाली : गाडी सपाट जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावयाचा, पुढचे डावे चाक जॅकने उचलून गाडी भक्कम स्टँडवर टेकवावयाची, चाक काढावयाचे, आणि चाकाच्या पोकळीतून हात आत घालावयाचा. जॅकच्या एकट्या भरवशावर गाडीखाली हात वा डोके घालणे हा जिवाशी खेळ होय.

एंजिन पूर्ण थंड असणे ही दुसरी अट. कवच ॲल्युमिनियमचे व प्लगचे अंग पोलादाचे असते. तापलेल्या स्थितीत जोर लावल्यास कवचातील आटे जाण्याचा धोका असतो, आणि आटे गेलेले कवच दुरुस्त करणे म्हणजे पुष्कळदा सगळे एंजिन उतरविणे. नवा प्लगही प्रथम बोटांनीच फिरवून आट्यात नीट बसल्याची खात्री करावयाची असते. पाना त्यानंतर येतो, आणि शेवटचा आवळ उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच द्यावयाचा असतो.

तिसरी अट क्रमाची. चारही तारा एकदम न काढता एकेक तार काढून, तिचाच प्लग बदलून, ती परत जोडावयाची. दोन्ही रोटर दंडावर एकमेकांपासून १८० अंशांवर असल्यामुळे तारांची अदलाबदल झाल्यास ठिणगी भलत्याच वेळी पडते. येथे एक ऐतिहासिक बारकावा नोंदण्याजोगा आहे. १९८५ नंतरच्या आरएक्स-७ मध्ये दोन्ही लीडिंग प्लग एकाच कॉइलवर एकाच वेळी ठिणगी देत. त्यामुळे त्या दोन तारा आपापसांत बदलल्या तरी एंजिन चालत राही. आरएक्स-८ मध्ये प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल आली व ही क्षमाशीलता नाहीशी झाली. जुन्या गाडीवर शिकलेला हात नव्या गाडीवर अधिक सावध असावा लागतो, तो ह्यामुळे.

६. एंजिनाची खिडकी

प्लग काढल्यावर जे छिद्र उघडे पडते ते मालकाला एंजिनाच्या आत डोकावण्याची जवळजवळ एकमेव सोपी वाट आहे. काढलेला प्लग स्वतः एक लेख असतो : कोरडी काळी काजळी मिश्रणात इंधन अधिक असल्याचे सांगते, ओला व पेट्रोलचा वास असलेला प्लग एंजिन ‘फ्लड’ झाल्याचे सांगतो. थंड एंजिन चालू करून लगेच बंद केल्यास ही दुसरी अवस्था आरएक्स-८ मध्ये सहज उद्भवते, आणि प्लग काढून कोरडे करणे हा तिच्यावरील जुना व खात्रीचा उपाय आहे.

छिद्र त्याहून अधिक सांगते. इंधन व प्रज्वलन बंद ठेवून एंजिन स्टार्टरने फिरविले असता त्या छिद्रातून हवेचे फुत्कार ऐकू येतात. रोटरला तीन बाजू असल्याने ते तीन-तीनांच्या लयीत येतात. तिन्ही सारख्या जोराचे असतील तर पट्ट्या सुस्थितीत आहेत असे प्रथमदर्शनी मानता येते. तिहींपैकी दोन लागोपाठ दुबळे असतील तर त्या दोन बाजूंमधील सामाईक टोकाची पट्टी संशयास्पद ठरते, कारण एकच पट्टी दोन कक्षांची राखण करीत असते. नेमक्या निदानासाठी तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजणारे उपकरण लागते. दट्ट्याच्या एंजिनासाठी केलेला साधा दाबमापक तिहींतील सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो व दुबळी बाजू झाकून टाकतो. हे ज्याला ठाऊक नाही तो कारागीर खराब एंजिन चांगले ठरवितो. उलटपक्षी केवळ प्लग वा कॉइल थकल्याने मंदावलेले एंजिन पट्ट्या गेल्या म्हणून मोडीत काढण्याची चूकही तितकीच सोपी आहे, आणि ती कितीतरी अधिक महाग पडते.

ह्या ठिकाणी घरगुती कृतीचे ऐतिहासिक मोल स्पष्ट होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर चक्री एंजिनाचे एकेक पुरस्कर्ते गळाले. जनरल मोटर्सने आपली योजना १९७४ साली थांबविली; सित्रोएनने ‘जीएस बिरोटोर’ ही मोटार काही शेकड्यांत काढून पुढे शक्य तितक्या गाड्या परत विकत घेतल्या व मोडल्या. रो ८० च्या कित्येक गाड्यांत मूळ एंजिन काढून फोर्डचे दट्ट्याचे एंजिन बसविण्यात आले. जेथे एंजिन समजणारा हात गाडीजवळ नव्हता तेथे यंत्रच बदलले गेले. माझ्दाच्या गाड्यांभोवती मात्र असा हात तयार झाला, आणि उत्पादन थांबून वर्षे लोटल्यावरही त्या गाड्या चालत्या राहिल्या. २०२३ साली माझ्दाने ‘एमएक्स-३०’ ह्या विद्युत मोटारीत ८३० घनसेंटिमीटरचा एक रोटर केवळ वीज निर्माण करण्यासाठी बसविला. चाकांशी त्या एंजिनाचा थेट संबंध उरलेला नाही, आणि चालकालाही ते चालू झाल्याचे भान क्वचितच राहील. अशा यंत्राचा मालक ते कधी उघडून पाहील काय, हा प्रश्न तांत्रिक नाही.

निष्कर्ष थोडक्यात असा. १९५७ साली जे रूप निर्दोष फिरत होते ते मागे पडले, कारण त्याची मेणबत्ती बदलण्यासाठी सगळे घर मोडावे लागे. १९५८ साली जे रूप आले त्यात समतोलाचा काही अंश गमावून प्रवेशाची वाट कमावण्यात आली. दोन प्लग, दोन आकारांची छिद्रे, दोन अक्षरे व चार नावे ही सर्व त्या तडजोडीची संतती होय. चक्री एंजिनाच्या इतिहासात वान्केल, पाश्के व यामामोतो ह्यांच्यानंतर, चाक काढून त्या पोकळीत हात घालणाऱ्या अनाम मालकाचीही नोंद व्हावयास हवी. कारण ते यंत्र कशासाठी स्थिर कवचाचे झाले, ह्याचे उत्तर त्याच्या हातातील पान्यात आहे.